रेअर बंदूक आणि महाग बंदूक

"लई रेअर हाय की ती, मग जरा ओपी असू दे की!" बेळगावच्या शहापूर-वडगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही पोरांच्या रूममध्ये बसा, हे वाक्य ऐकू येणारच. मोबाइलवरच्या गेममध्ये कुणीतरी एडब्ल्यूएम या स्नायपर बंदुकीनं उडतो, भांडण लागतं, आणि मराठी, कन्नड, हिंदी अशा तिन्ही भाषांतून एकच युक्तिवाद सुरू होतो. समोरचा गट तितक्याच ठामपणे ओरडतो, "सोनेरी रंगाची आहे म्हणजे ओपीच, नर्फ करा." (ओपी म्हणजे प्रमाणाबाहेर ताकदवान, नर्फ म्हणजे ती ताकद कमी करणं.) दोघांचाही घोळ एकच आहे. बंदूक रेअर असणं वेगळं आणि ती महाग असणं, म्हणजे वापरणाऱ्याला तिची किंमत मोजावी लागणं, वेगळं. गेमचा बॅलन्स दुसऱ्या गोष्टीवर ठरतो आणि भांडण मात्र पहिलीवरच होतं.

रेअर म्हणजे काय, हे बीजीएमआय, म्हणजे पबजीचा भारतातला अवतार, खेळणाऱ्याला शिकवायला नको. एम४१६ कुठल्याही घरात पडलेली असते, एडब्ल्यूएम आणि ग्रोझासाठी ड्रॉपची, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीची, वाट बघावी लागते. दुसऱ्या गेममध्ये हेच करडा, हिरवा, निळा, जांभळा, सोनेरी अशा रंगांनी दाखवतात. विषय संपला. स्किनचा, म्हणजे बंदुकीच्या नुसत्या रंगरूपाचा, तर इथं संबंधच नाही. ग्लेशियर स्किन लावलेली एम४१६ आणि साधी एम४१६ सारखाच डॅमेज देतात. जो ग्लेशियरला ओपी म्हणतो त्याच्याशी मी वाद घालत नाही, उठून पाणी प्यायला जातो.

महाग बंदूक बघायची तर काउंटर-स्ट्राइक गेममधली एडब्ल्यूपी ही स्नायपर बंदूक बघा. ती रेअर अजिबात नाही. खिशात पैसे असले तर दर राऊंडला विकत घ्या. पाय सोडून अंगावर कुठंही एक गोळी लागली की समोरचा आडवा. एवढी भयानक बंदूक सगळ्यांना उघड मिळते, तरी गेम मोडत नाही, कारण ती घेणारा पावलोपावली किंमत मोजतो. एके-४७ला २७०० डॉलर पडतात, हिला ४७५०. एकेनं एक किल केला की ३०० डॉलर मिळतात, हिनं केला तर १००. हातात घेतली की चाल मंदावते, नेम चुकला की बोल्ट ओढेपर्यंत समोरचा अंगावर येतो, आणि मेलात तर तीच बंदूक शत्रू उचलून तुमच्याच टीमवर वापरतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये गेम बनवणाऱ्या वॉल्व्हला ती जड वाटायला लागली तेव्हा त्यांनी मॅगझिन दहा गोळ्यांचं पाच केलं. डॅमेजला हात लावला नाही. नर्फ करावा तर असा. बंदुकीचा दरारा जागच्या जागी राहतो, फक्त तो मिरवणाऱ्याच्या खिशाला आणखी एक भोक पडतं. उठसूट डॅमेज कापणं हा आळशी उपाय आहे. त्यानं सगळ्या बंदुका एकाच चवीच्या होतात.

किंमत किती नाजूक असते ते त्याच गेममधल्या ऑग बंदुकीनं दाखवलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिचा भाव ३३०० वरून ३१५० केला. फक्त दीडशे डॉलर कमी. इतकी वर्षं जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, ती बघता बघता मोठ्या स्पर्धांत जो तो घ्यायला लागला. पुढच्या वर्षी भाव परत ३३०० करावा लागला.

आता रेअर असलेली पण महाग नसलेली गोष्ट घ्या. डिसेंबर २०१८ मध्ये फोर्टनाइट गेममध्ये इन्फिनिटी ब्लेड नावाची तलवार आली. एका मॅचमध्ये एकच, पोलर पीक डोंगराच्या माथ्यावर रोवलेली. यापेक्षा रेअर काय असणार? पण ज्याच्या हाती ती लागायची, त्याचा जीव वाढायचा, कुणाला मारलं की आणखी भरायचा, आणि एका उडीत तो समोरच्यानं बांधलेल्या भिंती फोडून आत यायचा. समोरच्याकडे उत्तरच नव्हतं. दोन-चार दिवसांत गेम बनवणाऱ्या एपिकनं तलवार काढून घेतली आणि तिला तोड देण्याची सोय कमी पडली हे उघडपणे मान्य केलं.

हे काही गेमपुरतं नाही. आपल्याकडच्या कुस्तीच्या मैदानात पन्नास किलोच्या पोरापुढं शंभर किलोचा पैलवान उभा केला आणि पंच म्हणाला, "असं दहा कुस्त्यांत एकदाच करतो वो," तर लोक त्याला मैदानातून बाहेर काढतील. ज्या पोराची पाठ लागली त्याला उरलेल्या नऊ कुस्त्यांशी काय देणंघेणं?

खरा घोळ इथं आहे. रेअर असल्यानं त्रास *किती वेळा* होतो तेवढंच कमी होतं. झाला तेव्हा *किती* झाला, हे जसंच्या तसं राहतं. गेम बनवणारा लाखो मॅचची सरासरी काढतो. त्याच्या तक्त्यात ती तलवार अगदी शहाणी दिसते, कारण बहुतेकांच्या वाट्याला ती येतच नाही. तुम्ही मात्र सरासरीत खेळत नाही, रात्री जेवण झाल्यावर चौघं मिळून एक मॅच खेळता.

मग एडब्ल्यूएम का चालते? तिची गोळी डोक्यात बसली तर लेव्हल थ्रीचं हेल्मेटसुद्धा वाचवत नाही. तरी ती मला ओपी वाटत नाही, आणि त्याचं कारण तिचं रेअर असणं नाही. विमानाचा आवाज सगळ्यांना येतो. पेटी पडते तिथून लाल धूर निघतो. त्या धुराकडे उघड्या रानातून पळायचं, पेटीशी वाकून उभं राहायचं, आणि आजूबाजूच्या तीन टीमची नळी आपल्यावर रोखलेली आहे हे गृहीत धरायचं. इतकं करून हाती येते ती बोल्ट ॲक्शन बंदूक आणि मोजक्या मॅग्नम गोळ्या, ज्या जमिनीवर कुठं सापडत नाहीत. म्हणजे किंमत पुरेपूर वसूल झाली. लोकांना दिसतं एवढंच की बंदूक रेअर आहे आणि ठीक चाललंय, म्हणून ते श्रेय रेअर असण्याला देऊन टाकतात. तीच एडब्ल्यूएम गोळ्यांसकट एखाद्या घराच्या कोपऱ्यात निमूट पडलेली सापडायला लागली, अगदी आत्ता मिळते तितक्याच कमी वेळा, तरी दुसऱ्या दिवशी हेच लोक बोंब मारतील.

जुन्या हेलो गेममध्ये रॉकेट लाँचर नकाशावर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळानं यायचा तो याचसाठी. दोन्ही टीमला जागा पाठ, वेळ पाठ. तिथं रेअर असणं आणि किंमत एकमेकांत मुरलेलं असतं, त्यामुळं घोळ आणखी वाढतो. एपेक्स लेजेंड्स गेमवाले तर जमिनीवरची एखादी बंदूक डोईजड झाली की ती केअर पॅकेजमध्ये, म्हणजे त्यांच्या ड्रॉपच्या पेटीत, टाकतात. २०२१ मध्ये स्पिटफायर बंदुकीचं तेच केलं. हे जमून जातं, कारण केअर पॅकेजच्या बंदुकीच्या गोळ्या मोजक्याच असतात. गोळ्या संपल्या की ती नुसतं लोखंड.

उलटा पुरावा हवा असेल तर वॉरझोन गेममधली डीएमआर १४ बंदूक बघा. डिसेंबर २०२० मध्ये आली, रेअर म्हणावी असं तिच्यात काही नव्हतं, ज्याला त्याला लोडआउटमध्ये, म्हणजे स्वतः निवडलेल्या हत्यारांत, घेता यायची. तरी काही आठवडे लोकांनी दुसरी बंदूक हातात धरली नाही. लांबून मारायची, भराभर मारायची, आणि त्या बदल्यात वापरणाऱ्याचं काही जात नव्हतं.

मॅच संपली तरी संपत नाही, असलाही एक रेअरपणा असतो. डेस्टिनी गेममध्ये २०१४ मध्ये ग्यालरहॉर्न हा रॉकेट लाँचर बहुतेकांना नशिबानंच मिळायचा, पण एकदा मिळाला की कायमचा तुमचा. ज्याच्याकडे नाही त्याला रेडसाठी, म्हणजे टीमनं मिळून करायच्या अवघड मोहिमेसाठी, टीममध्ये घ्यायला लोक नकार द्यायचे. २०१५ मध्ये गेम बनवणाऱ्या बंजीनं त्याची धार कमी केली. असला रेअरपणा मला मुळीच मान्य नाही. ड्रॉपमध्ये निदान पुढच्या मॅचला सगळे परत शून्यावर येतात.

म्हणूनच आमच्या गल्लीतल्या रूममध्ये माझा हट्ट असतो की ड्रॉप खुशाल लुटा, फ्लेअर गन, म्हणजे हवी तिथं पेटी मागवायची बंदूक, वापरायची नाही. पोरं म्हणतात, "भावा, ती तर ड्रॉपपेक्षा रेअर हाय की." हाय की. पण फ्लेअरनं मागवलेली पेटी पडते ती मागवणाऱ्याच्या अंगणात, त्याचे तिघं दोस्त छतावर नेम धरून बसलेले असताना. बंदूक तीच, फक्त उघड्या रानातून पळायचं काम आता आमच्या वाट्याला.