ड्रॉइंगमध्ये न मावणारं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगवाला साच्याची वाळू बघत होता. ओल्या वाळूची मूठ घट्ट वळली, उघडली आणि तळहातावरची कांडी दोन बोटांनी मधोमध मोडली. तुकडा स्वच्छ पडला, हाताला काही चिकटलं नाही. ‘चालतंय,’ म्हणाला आणि साचा भरायला लागला. लॅबमध्ये याच वाळूची ओल, ताकद, तिच्यातून वायू किती सहज जातो हे सगळं मोजतात. ते आकडे ईमेलने जर्मनीलाही जातात. मूठ शिरोलीतच राहते.

विचारवंत मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये हेच मांडलं होतं: माणसाला सांगता येतं त्यापेक्षा जास्त कळत असतं. आज एखाद्या पंपाचं डिझाइन एका देशात होतं, कास्टिंग कोल्हापुरात, जोडणी तिसरीकडे. या सगळ्यांमधून फिरतं ते थ्रीडी मॉडेल. एका सॉफ्टवेअरचं मॉडेल दुसऱ्यात उघडावं म्हणून ‘स्टेप’ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकही आहे, आयएसओ १०३०३. तरी घोळ होतातच. एअरबसच्या ए-३८० विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गमध्ये डिझाइन सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती, तुलूझमध्ये नवी. तयार वायरिंग विमानात बसवायला गेले तर लांबी पुरेना. २००६ मध्ये सगळं वेळापत्रक कोलमडलं. आणि हा घोळ नुसत्या आकाराचा, तोही एकाच कंपनीत.

ओतकामात आकाराच्या पलीकडचंही असतं. करडं बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून ५०० मिलिमीटरच्या पार्टला पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, ५०५ चा करतात. हे कोष्टकात मिळतं. पोकळी कुठे पडेल ते मिळत नाही. जिथे जाड भिंतीला बरगडी येऊन मिळते, तिथे धातूचा गठ्ठा होतो. आजूबाजूचं पातळ अंग आधी गोठतं, हा गठ्ठा शेवटी. गोठताना त्याला आणखी रस (वितळलेला धातू) लागतो, पण रस यायची वाट तोवर बंद झालेली असते. मग आत पोकळी राहते. बाहेरून पार्ट देखणा, मशिनिंगला लावला की भोक उघडं पडतं. रिजेक्शन!

एका जुन्या पॅटर्न मिस्त्रींना असं ड्रॉइंग वाचताना मी पाहिलंय. पेन्सिलीने भिंतीच्या आत मावतील तेवढी वर्तुळं काढत गेले. राइजरकडे, म्हणजे जादा रस पुरवणाऱ्या साठ्याकडे, जाताना वर्तुळं मोठी होत गेली पाहिजेत. इथे मध्येच एक मोठं निघालं. ‘हितं ओढणार बघा,’ म्हणाले. म्हणजे इथे पोकळी पडणार. या युक्तीला पुस्तकात ह्यूव्हर्सची वर्तुळं म्हणतात. मिस्त्रींना ते नाव माहीत असण्याचं कारण नव्हतं. हल्ली हेच काम संगणकावरचं सिम्युलेशन करतं. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या प्रयत्नांतून घडलेलं ‘ऑटोकास्ट’ त्यातलंच.

पण ‘हितं ओढणार’ हे डिझायनरपर्यंत पोचवायचं कसं? ड्रॉइंग खाली येतं, त्याला रस्ता आहे. उलट जायला नाही. मधे खरेदी विभाग बसलेला. त्याला भाव आणि तारीख हवी. आणि खरी मेख वेगळीच आहे: कास्टिंगचा भाव बहुतेक वेळा किलोवर ठरतो. ‘हा गठ्ठा पोखरा, पार्ट हलका होईल’ असं सुचवणारा फाउंड्रीवाला स्वतःचंच बिल कमी करतो. शिवाय हीच सूचना नव्या ड्रॉइंगमध्ये बसून शेजारच्या फाउंड्रीकडे कोटेशनला जायची धास्ती असतेच. माझ्या मते ज्ञान अडतं ते भाषेमुळे किंवा सॉफ्टवेअरमुळे कमी, या हिशेबामुळे जास्त.

कोल्हापूरच्या जुन्या उद्यमनगरात हा प्रश्न असा नव्हता. ऑइल इंजिन बनवणारा, पॅटर्नवाला, ओतारी, लेथवाला सगळे हाकेच्या अंतरावर. पोकळी निघाली की तुटका तुकडा पिशवीत घालून सायकलवरून थेट इंजिनवाल्याच्या दारात. (बाबूराव पेंटर आणि दामले यांनी सिनेमाचा कॅमेराही याच गावात घडवला, तो काही कुणी ड्रॉइंग पाठवलं म्हणून नव्हे.)

त्या मिस्त्रींच्या वर्तुळांचा फोटो मालकांनी शेवटी खरेदी विभागाला वगळून थेट डिझायनरला पाठवला. महिन्याभराने सुधारित ड्रॉइंग आलं. बरगडी सरकवलेली, गठ्ठा पोखरलेला. रिजेक्शन थांबलं. पुढच्या बिलात पार्टचं वजन कमी लागलं, भाव किलोचा तोच.