केळीला लागलेला मार आणि मेंदूला लागलेला मार

यावल तालुक्यातल्या आमच्या गावी शाळेमागे कबड्डीचं मैदान आहे. काळी माती, पाणी मारून, रोलर फिरवून सपाट केलेली. मागच्या सुटीत पुतण्याचा सराव बघायला बसलो आणि सहज मोजायला लागलो. तासाभरात त्याच्या डोक्याला नऊ वेळा काही ना काही लागलं. घोटा धरायला झेपावला तेव्हा चढाईवाल्याचा गुडघा, साखळीत जोडीदाराचं कपाळ, दोनदा तर सरळ जमीनच. एकदाही थांबला नाही. विचारलं तर म्हणाला, "काही नही झालं मले, काका."

खोटं बोलत नव्हता तो. चक्कर नाही, उलटी नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही. मला घोर लागला तो नेमका या 'काही नाही'चाच.

रावेर-सावद्याकडच्या माणसाला हे केळीवरून चटकन कळेल. गाडीत माल भरताना घडांच्या मध्ये पानं घालतात, कारण हिरव्या सालीवर मार दिसत नाही. रस्त्यातला एकेक धक्का किरकोळच असतो. माल पिकायला लागला की मग काळे डाग उठतात, आणि ते कुठल्या खड्ड्याचे हे कोणालाच सांगता येत नाही.

मेंदूचं वजन साधारण १४०० ग्रॅम. हा मऊ गोळा कवटीत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोकं झटक्यात थांबलं किंवा वळलं की कवटी थांबते, मेंदू मात्र थोडा पुढे जातो, पिळवटतो. त्यातले चेतातंतू हळू ताणले तर सोसतात, हिसका सोसत नाहीत. या तंतूंच्या आत बारीक नळ्यांचा सांगाडा असतो आणि 'टाऊ' नावाचं प्रथिन त्याला आधार देतं. वारंवार हिसके बसले की टाऊ सुटतं आणि त्याच्या गुठळ्या होतात. मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती त्या साचतात. हाच तो आजार, क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सिफॅलोपॅथी, म्हणजे सीटीई. विसरभोळेपणा, चिडचिड, तोल जाणं ही लक्षणं बहुधा खेळ सुटल्यावर कित्येक वर्षांनी दिसू लागतात. पक्कं निदान आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होतं. हेल्मेटचाही इथे फार उपयोग नाही. ते कवटी वाचवतं, आतला हेलकावा थांबवत नाही.

१९२८ साली अमेरिकेतल्या हॅरिसन मार्टलँड या डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांच्या अडखळत्या चालीवर लिहिलं, आणि पुढे कितीतरी वर्षं हा बॉक्सिंगचाच रोग मानला गेला. २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी तपासल्या गेल्या. मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या सुमारे साडेतीनपट निघालं. चेंडू डोक्याने क्वचितच मारणाऱ्या गोलकीपरांमध्ये हा धोका सामान्य लोकांपेक्षा ठळकपणे जास्त नव्हता, असं पुढे दिसलं. हृदयविकाराचे मृत्यू मात्र या खेळाडूंत कमी होते. म्हणून मुलांना घरी बसवा असं मी मुळीच म्हणणार नाही.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा अभ्यास २०२३ चा, बोस्टनचा. अमेरिकन फुटबॉल (चेंडू हातात घेऊन, एकमेकांवर आदळत खेळायचा खेळ) खेळलेल्या ६३१ जणांचे मेंदू त्यात तपासले. सीटीईचा संबंध कन्कशन (डोक्याला मार लागून मेंदूचं काम काही काळ बिघडणं) किती वेळा झालं याच्याशी लागलाच नाही. तो लागला आयुष्यभर डोक्याने सोसलेल्या धक्क्यांच्या एकूण जोराशी. (हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते. ज्यांना शंका होती तेच पुढे आले असणार, त्यामुळे आजाराचं प्रमाण यावरून काढता येत नाही.)

म्हणजे धक्के कमी करायचे तर सरावातले आधी करावे लागतील. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये २०२१ पासून आठवड्याच्या सरावात जोराचे फक्त १० हेडर (चेंडू डोक्याने मारणं), अशी शिफारस आहे.

आणि ज्या दिवशी खरंच लागेल, डोकं दुखेल, उजेड खुपेल, पोरगा तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारेल, त्या दिवशी खेळ बंद. डॉक्टरांनी सांगेपर्यंत मैदान नाही. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर कोवळ्या वयात क्वचित मेंदू सुजून जीवही जातो.

हे सगळं मी पुतण्याला कबड्डी शिकवणाऱ्या सरांना सांगितलं. त्यांनी दोन दिवस विचार केला. आता पूर्ण जोराची पकड आठवड्यातून दोनदाच होते, एरवी पायांचा वेग, दम, आणि निम्म्या जोरातली साखळी. पुतण्याला झेपावताना मान खाली घालायची सवय आहे. ती मोडायला सर त्याला रोज गोणीवर झेप घ्यायला लावतात. डोकं बाजूला, खांदा पुढे, नजर वर. काल फोनवर म्हणाला, दहातल्या सहा झेपा आता बरोबर पडतात.