अधिस्थगन (बँकव्यवसाय)

अडचणीत सापडलेल्या बँकेने ठेवीदारांना आणि इतर धनकोंना द्यायचे पैसे सरकारी आदेशाने ठरावीक मुदतीपुरते थांबवणे म्हणजे अधिस्थगन. बँकेतली माणसे याला मोरेटोरियम म्हणतात, वर्तमानपत्रे ‘निर्बंध’ असे छापतात आणि शटरसमोर उभा राहिलेला ठेवीदार सरळ ‘बँक बुडाली’ म्हणून मोकळा होतो. या तिन्ही गोष्टी एक नाहीत. अधिस्थगनात बँकेचा परवाना शाबूत असतो, कर्मचारी कामावर असतात, खाती जागच्या जागी असतात. पैसे बाहेर जायची वाट तेवढी अरुंद केलेली असते. त्या अवधीत बँकेचे काय करायचे ते ठरवायचे असते. हा अवधी किती लांबतो आणि तो संपताना ठेवीदाराच्या हाती काय पडते, यावरच या उपायाचे मोल ठरते. सातारा, कराड, सांगली या कृष्णाकाठच्या पट्ट्याने त्याची झटपट आणि रेंगाळलेली अशी दोन्ही रूपे अनुभवली आहेत.

बँक ठेवी घेते त्या बहुतेक मागितल्याबरोबर परत देण्याच्या बोलीवर आणि कर्जे देते ती वर्षावर्षांच्या मुदतीने. तासगावात बेदाण्याच्या तारणावर दिलेले कर्ज बेदाणा विकला गेल्यावर फिटते, द्राक्षबाग उभी करायला दिलेले त्याहून कितीतरी उशिरा. त्यामुळे उत्तम चाललेल्या बँकेच्या तिजोरीतही सगळ्या ठेवीदारांना एकाच दिवशी पुरेल एवढी रोकड कधीच नसते. अफवा मात्र एका दुपारीत गावभर होते. मग रांगेत पुढे असतील त्यांना पूर्ण पैसे मिळतात आणि मागच्यांच्या वाट्याला न वसूल होणारी कर्जे उरतात. पुढे असतात ते बहुधा आतली कुणकुण लागलेले मोठे खातेदार. मागे राहतात ते पेन्शनर आणि आठवडी बाजाराच्या दिवशीच तालुक्याला येणारे शेतकरी. सगळ्यांना एकाच क्षणी थांबवले की ही धावाधाव संपते, आणि या उपायाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे. अमेरिकेत ६ मार्च १९३३ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी देशभरातल्या बँका एकदमच बंद ठेवल्या आणि तपासणीत ठीक ठरलेल्या बँका १३ मार्चपासून उघडू दिल्या. भारतात हे हत्यार एकेका बँकेपुरते वापरले जाते.

त्याचा आधार बँकिंग नियमन कायदा, १९४९ यातील कलम ४५. रिझर्व्ह बँक केंद्र सरकारकडे अर्ज करते आणि सरकार आदेश काढते. सगळी मुदत मिळून सहा महिन्यांपलीकडे जाता येत नाही. त्या काळात रिझर्व्ह बँक पुनर्रचनेची किंवा दुसऱ्या बँकेत विलीनीकरणाची योजना आखते आणि सरकारने ती मंजूर केली की भागधारक, ठेवीदार, कर्मचारी अशा सर्वांवर ती बंधनकारक होते. सक्तीच्या विलीनीकरणाची ही तरतूद १९६० सालची. त्या वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या आणि ठेवीदारांना वाऱ्यावर सोडल्याचा ठपका सरकारवर आला. त्यातूनच १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा सुरू झाला. सुरुवातीला तो एका ठेवीदाराच्या फक्त १,५०० रुपयांना संरक्षण देत होता.

साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक अण्णासाहेब चिरमुले यांनी १९३६ साली स्थापन केली. मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी ठेवून सव्वादोनशेच्या वर शाखा चालवणारी ही खासगी बँक होती. जोखमीच्या कर्जांच्या प्रमाणात बँकेकडे किमान ९ टक्के भांडवल असावे असा दंडक आहे. या बँकेचे प्रमाण २००६ च्या मार्चअखेर शून्याच्याही खाली गेले होते. २ सप्टेंबर २००६ रोजी, शनिवारी, अधिस्थगनाचा आदेश निघाला. गणपतीचे दिवस होते, अनंत चतुर्दशी चार दिवसांवर आली होती. ठेवीदाराला खात्यातून १०,००० रुपयांपर्यंतच काढता येतील असे ठरले. त्या काळी साताऱ्यासारख्या गावात मोबाइलवरून पैसे पाठवण्याची सोय नव्हती. व्यवहार चेकचा आणि रोखीचा. १०,००० रुपयांत महिन्याचा किराणा आणि शाळेची फी भागते. दवाखान्याचे मोठे बिल, बांधकामाच्या ठेकेदाराचा हप्ता किंवा दुकानदाराने घाऊक व्यापाऱ्याला दिलेला चेक मात्र त्यात बसत नाही. पैसा खात्यात दिसतो, पासबुकावर छापलेला असतो, आणि तरीही चालत नाही.

राज्य सरकारसह अनेकांनी बँक वाचवण्यासाठी प्रस्ताव पुढे केले. रिझर्व्ह बँकेने आयडीबीआयची निवड केली आणि ३ ऑक्टोबर २००६ पासून विलीनीकरण अमलात आले. अधिस्थगनाला १ डिसेंबरपर्यंत मुदत होती, पण प्रश्न ३१ दिवसांत निकाली निघाला. प्रत्येक ठेव जशीच्या तशी नव्या बँकेत गेली, एका रुपयालाही कात्री लागली नाही. भागधारकांना दर शेअरमागे २८ रुपये रोख मिळाले. अशाच रीतीने दुसऱ्या बँकेत विलीन केलेल्या ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांना २००४ मध्ये एक पैसाही मिळाला नव्हता, हे लक्षात घेता तोडगा उदार म्हणावा लागेल. ठेवीदाराच्या बाजूने पाहिले तर साताऱ्यातील हा महिना अधिस्थगन कसे असावे याचा नमुना आहे. गावाच्या बाजूने पाहिले तर मात्र हिशेब तेवढा सरळ नाही. साताऱ्यात बसून, माणूस ओळखून कर्जाचा निर्णय घेणारी सत्तर वर्षांची संस्था गेली आणि तिच्या जागी मुंबईहून चालणाऱ्या बँकेची शाखा आली. ही किंमत कुठल्याही योजनेच्या मसुद्यात लिहिलेली नसते, तरी ती द्यावी लागतेच.

ज्या दिवशी साताऱ्यावर आदेश आला, त्याच २ सप्टेंबरला सांगलीच्या शेजारची, कुरुंदवाडची गणेश बँक फेडरल बँकेत विलीन झाली. तिच्यावर अधिस्थगन आले होते ७ जानेवारी २००६ रोजी. योजना लगेच तयार झाली, पण प्रकरण कोर्टात गेले आणि विलीनीकरणाला जवळपास आठ महिने लागले. पाठोपाठ १९१६ साली सुरू झालेली सांगली बँक १९ एप्रिल २००७ पासून आयसीआयसीआय बँकेत सामील झाली. तिथे अधिस्थगन नव्हते. दोन्ही बँकांच्या संमतीने झालेले ते विलीनीकरण होते आणि भागधारकांना रोख पैशाऐवजी शेअर मिळाले. कारणे वेगवेगळी असली तरी सोळा महिन्यांच्या आत या टापूतल्या तीन जुन्या खासगी बँकांची नावे पाटीवरून उतरली.

सहकारी बँकांची गोष्ट वेगळी, आणि ती अधिक दुःखाची आहे. त्यांच्यावर अधिस्थगन लादता येत होते, पण त्यापुढची पायरी, म्हणजे सक्तीने विलीनीकरणाची योजना आखण्याचा अधिकार, २०२० पर्यंत त्यांना लागू नव्हता. म्हणून रिझर्व्ह बँक त्याच कायद्याच्या कलम ३५अ खाली पैसे काढण्यावर निर्बंध घालणारे निर्देश काढत असे, ज्यांना लोक ‘पस्तीस-अ’ म्हणून ओळखतात. निर्देशांना सहा महिन्यांची कमाल मर्यादा नाही. मुदत संपत आली की वाढवता येते. कराड जनता सहकारी बँकेवर ७ नोव्हेंबर २०१७ रोजी निर्देश आले आणि परवाना रद्द झाला ७ डिसेंबर २०२० रोजी. मधे तीन वर्षे आणि एक महिना. साताऱ्याचे ३१ दिवस आणि कराडची तीन वर्षे यांत अंतर पन्नास किलोमीटरचे आहे. बाकी सगळा फरक कायद्याचा. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली पावती तीन वर्षे अडकली तर पुढे ती पूर्ण मिळूनही लग्न कर्ज काढूनच झालेले असते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. निर्देश आले तेव्हा ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून चालत आलेली १ लाख रुपयांची होती. ती ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख झाली. परवाना त्यानंतर रद्द झाल्याने कराडच्या ठेवीदारांना नवी मर्यादा लागू झाली आणि ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल असे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले. १ ते ५ लाखांच्या दरम्यान ठेव असणाऱ्यांना उशिराचा असा फायदा झाला. तो योगायोग होता, त्याला धोरण म्हणता येणार नाही.

ही मर्यादा मोजण्याची रीत पुष्कळांना ठाऊक नसते. ती पावतीगणिक किंवा शाखेगणिक नसून एका बँकेत एका माणसाला मिळून असते, आणि मुद्दल व व्याज एकत्र धरले जाते. समजा, एकाच बँकेच्या दोन शाखांत नवऱ्याच्या नावे ६ लाख आहेत आणि नवरा-बायकोच्या जोडखात्यात ४ लाख. जोडखाते स्वतंत्र धरले जाते, म्हणून ते ४ लाख पूर्ण सुरक्षित. एकट्याच्या ६ लाखांपैकी ५ लाख सुरक्षित. त्याच बँकेचे त्याच्याकडे दीड लाख कर्ज येणे असेल तर ते आधी वळते होते आणि उरलेले साडेचार लाख मर्यादेत बसतात. विम्याचा हप्ता बँक भरते, दर १०० रुपयांना वर्षाला जास्तीत जास्त १२ पैसे. ठेवीदाराकडून तो वसूल करता येत नाही.

२०२० च्या दुरुस्तीने कलम ४५ सहकारी बँकांना पूर्णपणे लागू झाले आणि अधिस्थगन न लादताही योजना आखण्याची मोकळीक मिळाली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे युनिटी स्मॉल फायनान्स बँकेतील विलीनीकरण (२५ जानेवारी २०२२) या बदलातूनच झाले. मोठ्या ठेवी मात्र दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरले. ठेवीदारासाठी खरा मोठा बदल १ सप्टेंबर २०२१ चा आहे. आता पैसे काढण्यावर निर्बंध आले की परवाना रद्द होण्याची वाट न पाहता ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते: पहिल्या ४५ दिवसांत बँकेने याद्या द्यायच्या, पुढच्या ४५ दिवसांत ठेव विमा महामंडळाने पैसे. ही तरतूद २०१७ मध्ये असती तर कराडच्या बहुसंख्य खातेदारांची प्रतीक्षा तीन महिन्यांत आटोपली असती.

पतसंस्था या सगळ्याच्या बाहेर आहेत. सांगली-साताऱ्याच्या गावोगावी त्यांची कार्यालये दिसतात, काउंटर आणि पासबुकही बँकेसारखेच असते. पण त्या राज्याच्या सहकार कायद्याखाली येतात. त्यांना ना कलम ४५ लागू, ना ५ लाखांचा विमा. ठेव ठेवण्यापूर्वी पाटीवर ‘बँक’ आहे की ‘पतसंस्था’, हे वाचून घ्यावे.

अधिस्थगनाची दुसरी बाजू कर्जदाराची: देणे थांबवायचे ते बँकेचे नव्हे, ऋणकोचे. याचा या भागाशी संबंध फार जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) चढलेले कापसाचे भाव युद्ध संपताच कोसळले, सावकारी कर्जे अंगावर आली आणि १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे पेटून कर्जरोखे जाळले गेले. त्यावर सरकारने १८७९ साली डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट केला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर हे त्याचे चार जिल्हे. वाळवा, तासगाव, खानापूर हे आजच्या सांगलीचे तालुके तेव्हा साताऱ्यात असल्याने त्यांना तो लागू झाला. सांगली आणि मिरज संस्थानी असल्याने बाहेर राहिली. कोर्टाला रोख्यामागे जाऊन मूळ कर्ज किती होते ते तपासता येऊ लागले, हप्ते बांधून देता येऊ लागले. सावकारांनीही वाट काढली: गहाणखताऐवजी ते खरेदीखतच लिहून मागू लागले.

२०२० चा हप्ते-स्थगितीचा निर्णय त्या मानाने मवाळ होता. टाळेबंदी लागली तेव्हा सांगलीत द्राक्षाचा हंगाम सुरू होता. २७ मार्च २०२० रोजी जाहीर झालेली सवलत १ मार्चपासून तीन महिन्यांची होती, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. पीककर्जेही तिच्यात होती. हप्ता थांबला, व्याज मात्र चालूच राहिले. १० लाखांच्या कर्जावर १२ टक्क्यांनी सहा महिन्यांचे सरळ व्याज ६०,००० रुपये होते. दरमहा चक्रवाढ धरली तर ६१,५२०. वरचे १,५२० रुपये म्हणजे व्याजावरचे व्याज. २ कोटींपर्यंतच्या पात्र कर्जांवर ते परत करण्याची योजना केंद्र सरकारने आणली आणि २३ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कर्ज कितीही मोठे असले तरी त्या सहा महिन्यांसाठी अशी आकारणी करू नये, घेतली असेल तर परत करावी किंवा पुढच्या हप्त्यात वळती करावी, असा निकाल दिला.