छपाईतला रंग डिझायनरच्या गळ्यात कसा पडला

स्क्रीनवरचा झळझळीत निळा कागदावर जांभळट उतरला की पहिलं बोट प्रेसकडे जातं. प्रेसवाला फाइलकडे बोट दाखवतो, आणि बहुतेक वेळा त्याचंच खरं असतं. पण फाइल सीएमवायकेत (सायन म्हणजे हिरवट निळा, मॅजेंटा म्हणजे गडद गुलाबी, पिवळा आणि काळा या छपाईच्या चार शायांत) करणं, प्रोफाइल म्हणजे मशीन आणि कागदाच्या रंगांची नोंद जोडणं, एका जागी पडणाऱ्या एकूण शाईची टक्केवारी सांभाळणं ही कामं डिझायनरकडे आली ती गेल्या तीस-चाळीस वर्षांतच. त्याआधी रंग हा छापणाऱ्याचा प्रांत होता.

चित्रकार-मुद्रक याकोब क्रिस्टोफ ल ब्लोंने १७१९ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, ते निळा, पिवळा आणि तांबडा अशा तीन प्लेटा एकावर एक छापून चित्र उभं करण्याचं. कधी तो काळ्याची चौथी प्लेटही जोडे. कुठल्या प्लेटवर कुठे किती रंग हवा, हे सगळं नजरेने ठरायचं आणि प्लेट हाताने घासून घडवायची. कल्पना अचूक होती, धंदा मात्र बुडाला.

नजरेची जागा कॅमेऱ्याने घेतली. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंगीत चित्र दिसू शकतं, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६१ मध्ये दाखवलं. त्याच दशकात फ्रान्समध्ये लुई द्यूको द्यू ओरोंने कागदासाठी उलटी वाट धरली: शाई प्रकाश शोषते, तेव्हा लाल फिल्टरमधून घेतलेल्या निगेटिव्हवरून लालाच्या विरुद्ध, म्हणजे सायन छापायचा. स्क्रीन आणि कागद यांचं जमत नाही त्याचं मूळ इथेच आहे. एक प्रकाश मिसळते, दुसरा वजा करतो. स्क्रीनचा झळझळीत निळा सायन आणि मॅजेंटा शाईच्या आवाक्यातच नसतो, मग जवळची जी छटा मिळते ती जांभळी.

शाई फिकी करता येत नाही, म्हणून ठिपके आले. जर्मनीत मायसेनबाखने १८८२ मध्ये हाफटोनचं, म्हणजे लहान-मोठ्या ठिपक्यांच्या जाळीतून फिक्या-गडद छटा दाखवण्याच्या पद्धतीचं, पेटंट घेतलं. चार रंगांची जाळी एकाच कोनात ठेवली तर नकोशी नक्षी उमटते, म्हणून सायन १५, काळा ४५, मॅजेंटा ७५ आणि पिवळा ० अंशांवर ठेवायची पद्धत रुळली. भिंगातून पाहिलं तर ठिपक्यांच्या छोट्या फुलांसारख्या रचना दिसतात. ठिपका कागदात पसरतोही: फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका छापल्यावर ७० च्या आसपास दिसू शकतो. प्लेट बनवण्यासाठी आधी फिल्म काढली जाई, आणि कसलेला कारागीर हे तिच्यावरच सांभाळून घेत असे.

पॅन्टोन या अमेरिकी कंपनीने १९६३ मध्ये तयार शाईच्या रंगांना क्रमांक दिले. त्यामुळे लोगोच्या रंगावरचे वाद मिटले, फोटोंचे नाहीत.

मग १९८५ मध्ये पेजमेकर हे पानं लावायचं सॉफ्टवेअर आलं. मॅकिंटॉश संगणक आणि लेझररायटर प्रिंटरच्या जोडीने पानं टेबलावर लागू लागली, पुढे सेपरेशनही, म्हणजे चित्राचे चार शायांत भाग पाडणंही, तिथेच होऊ लागलं, आणि तो फिल्मवाला कारागीर मधून गळला. त्याचं ज्ञान कुठेतरी भरायला हवं होतं. १९९३ मध्ये अ‍ॅडोबी, अ‍ॅपल, कोडॅक यांच्यासह आठ कंपन्यांनी आयसीसी ही रंगांचे नियम ठरवणारी संस्था स्थापन केली. तिचं प्रोफाइल म्हणजे अमुक मशीन, अमुक शाई, अमुक कागद रंग कसा दाखवतात याची मोजून केलेली नोंद. ऑफसेटसाठी आयएसओ १२६४७-२ हे मानक १९९६ मध्ये आलं. पण चुकीचं प्रोफाइल निवडलं तर हे सगळं फुकट, आणि ते निवडणारा आता डिझायनर.

छपाईला पाठवायच्या फाइलचे ठरलेले प्रकार आहेत. त्यातल्या पीडीएफ/एक्स-१ए मध्ये फक्त सीएमवायके आणि स्पॉट (पॅन्टोनसारखे तयार शाईचे) रंग चालतात. नंतरच्या पीडीएफ/एक्स-४ मध्ये प्रोफाइल जोडलेला आरजीबी (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला) फोटो तसाच पाठवता येतो, बदल प्रेसवर होतो. म्हणजे थोडं ओझं पुन्हा छापणाऱ्याकडे चाललंय. तरी अनेक प्रेस अजून पहिलाच प्रकार मागतात, तेव्हा फाइल बनवायच्या आधी एक फोन केलेला बरा.