मेकरस्पेसची पाळंमुळं: बिल्डिंग २० ते पाबळ

कॉलेजात मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी अवजारं-यंत्रं वापरून स्वतः वस्तू बनवायची सामायिक जागा, काढायचं ठरलं की पहिली चर्चा होते ती थ्रीडी प्रिंटर किती घ्यायचे याची. या जागांचा इतिहास पाहता मला मात्र चावी कोणाकडे राहणार आणि भिंतीला हात लावायची मुभा कोणाला, हे प्रश्न आधीचे वाटतात.

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात १९४३ साली रडार संशोधनासाठी ‘बिल्डिंग २०’ घाईघाईने उभी राहिली. तीन मजली, लाकडी, युद्ध संपताच पाडायची. ती टिकली १९९८ पर्यंत! तात्पुरती म्हणून तिला कोणी जपत नव्हतं, आणि तेच पथ्यावर पडलं. वायर ओढायची तर सरळ भिंतीला भोक पाडायचं. भौतिकशास्त्रज्ञ जेरॉल्ड झकारियास यांना अणुघड्याळासाठी उंची हवी होती, तर त्यांनी मधले मजलेच काढून टाकले. भाषाशास्त्रज्ञ, ध्वनितज्ज्ञ, मॉडेल रेल्वे जुळवणारी मुलं एकाच इमारतीत वावरत. येता-जाता ओळखी होत, त्यातून कामं निघत.

ती इमारत पाडली त्याच वर्षी प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी एमआयटीत ‘जवळपास काहीही कसं बनवायचं’ या अर्थाच्या नावाचा वर्ग सुरू केला. मोजक्या संशोधक विद्यार्थ्यांसाठीच्या या वर्गाला इतर शाखांच्या मुलांनीही गर्दी केली. पुढे २००१ मध्ये ‘सेंटर फॉर बिट्स अँड अ‍ॅटम्स’ स्थापन झालं आणि त्यातून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांच्या छोट्या कार्यशाळा, आल्या.

एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबपैकी एक २००२ साली पाबळला आली, पुणे जिल्ह्यातल्या दुष्काळी गावात. हे अपघाताने घडलं नाही. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्येच तिथे विज्ञान आश्रम काढला होता. शाळेत न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हाताने करत शिकत. फॅब लॅबची नवी यंत्रं आली तेव्हा या मुलांपुढे प्रश्न तयारच होते: दुधाची प्रत कशी तपासायची, डिझेल इंजिनाचं टायमिंग कसं लावायचं? आपल्याकडे मेकरस्पेसचा आराखडा करणाऱ्यांनी परदेश दौऱ्याआधी पाबळला जावं, असं मला मनापासून वाटतं.

विद्यापीठांपैकी चावीचा प्रश्न धीटपणे सोडवला तो अमेरिकेतल्याच जॉर्जिया टेकने. २००९ च्या सुमारास सुरू झालेला तिथला ‘इन्व्हेन्शन स्टुडिओ’ विद्यार्थीच चालवतात. आठवड्यातले काही तास इतरांना यंत्रं शिकवायची, त्या बदल्यात रात्री-अपरात्रीही आत जाऊन स्वतःचं काम करायची मोकळीक.