'शाप की वरदान'च्या आधी: शाळेतल्या वैचारिक निबंधाची पार्श्वभूमी

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत शेवटी लेखनकौशल्याचा प्रश्न असतो. प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन, यांतलं कोणतंही एक लिहायचं, गुण ८. वैचारिक लेखनाच्या वाटेला जाणारी मुलं मला तरी कमीच भेटतात. जी जातात त्यांचा शेवट आधीच ठरलेला असतो. विषय मोबाइलचा असो, विज्ञानाचा असो की धरणाचा, 'प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात, वापर कसा करायचा हे आपल्याच हाती आहे' असं लिहून मूल पेन खाली ठेवतं. यात मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. कुठलीच बाजू घेतली नाही तर गुण कापले जात नाहीत, हे त्यांना आपणच शिकवलंय. मला ते खुपतं, कारण शाळेत जाणाऱ्या मुलीने मराठीत मुद्दा मांडायला सुरुवात केली ती अशी मुळीच नव्हती.

अहमदनगरच्या अमेरिकन मिशनचं 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ पासून निघत होतं. त्याच्या १८५५ मधल्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्च अशा दोन अंकांत एक निबंध छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेची विद्यार्थिनी. मातंग समाजात जन्मलेली, कोवळ्या वयाची. तिचं शिक्षण झालं होतं जेमतेम तीन वर्षांचं.

या निबंधाची रचना शिक्षक म्हणून बारकाईने पाहावी अशी आहे. मुक्ता आपल्या मतापासून सुरुवातच करत नाही. समोरचा काय म्हणतो, ते ती आधी सांगते: वेद ही फक्त ब्राह्मणांची मालमत्ता आहे. हे ती खोडून काढत नाही, उलट घटकाभर मान्य करते आणि त्यातून काय निघतं ते दाखवते. वेद आमचे नाहीत, तर वेदांप्रमाणे वागण्याचं बंधनही आमच्यावर नाही. मुसलमान कुराणाप्रमाणे चालतात, इंग्रज बायबलाप्रमाणे. मग आमचा धर्म कोणता? हा प्रश्न ती थेट देवाला विचारते. ज्या धर्मात एकाने अनुभव घ्यावा आणि बाकीच्यांनी तोंडाकडे पाहत राहावं, असा धर्म पृथ्वीवरून नाहीसा होवो, इथवर ती येऊन ठेपते. त्यानंतर पुरावे येतात. इमारतींच्या पायात मांग-महारांना तेल-शेंदूर पाजून पुरत, बाजीरावाच्या राज्यात तालीमखान्यापुढून कोणी गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू करून खेळत, बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परही नसे. मोठमोठे शब्द नाहीत. ठिकाण आहे, घडलेली गोष्ट आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे.

दुसऱ्याचं म्हणणं आधी मांडायचं आणि मग आपलं, ही रीत आपल्याकडे जुनी. शास्त्राच्या पाठशाळांत तिला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष म्हणत. न्यायशास्त्राने अनुमान मांडायच्या पाच पायऱ्याच आखून दिल्या होत्या: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. इथेही तसाच धूर आहे. म्हणून इथे आग आहे. आजच्या वैचारिक निबंधात मधला 'जिथे धूर तिथे आग' हा दुवाच सापडत नाही. कारण आणि निष्कर्ष शेजारी बसलेले असतात, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काय, हे कोणी सांगत नाही. ज्या पाठशाळांत हे शिकवलं जाई त्यांचा उंबरा मुक्ताला कधीच ओलांडता आला नसता. तरीही पूर्वपक्ष तिच्याकडे होता, कारण तो तिला रोज ऐकावा लागत होता.

गावोगावच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत यातलं काहीच नव्हतं. तिथे धुळाक्षरं, पाढे, मोडी आणि हिशेब. लिहिणं म्हणजे उतरवून काढणं. स्वतःचं म्हणणं लिहायची सवय शाळेत रुजायच्या आधी सभांत आणि वर्तमानपत्रांत रुजली. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' १८३२ मध्ये निघालं. १८४८ मध्ये मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिची मराठी शाखा म्हणजे ज्ञानप्रसारक सभा. सभेत कोणीतरी निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं. असे निबंध पुढे 'मराठी ज्ञानप्रसारक' मासिकात छापले जात. त्याच १८४८ साली गोपाळ हरी देशमुखांनी 'लोकहितवादी' या नावाने 'प्रभाकर' पत्रात पत्रं लिहायला घेतली. दोनेक वर्षांत ती १०८ झाली. निबंधाऐवजी पत्र निवडल्यामुळे वाचणारा कायम डोळ्यांसमोर राहिला. पत्र कोणाला तरी लिहिलेलं असतं. परीक्षेचा निबंध कोणालाच लिहिलेला नसतो.

'निबंध' हा शब्द मराठी घरांत पोचवला विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. जानेवारी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू झाली तेव्हा ते सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. मालेचे ८४ अंक निघाले. जॉन्सन आणि मेकॉले त्यांचे लाडके इंग्रज लेखक. त्यांच्या वाक्यातला पल्ला, तोल आणि आवेश यांमुळे मराठी गद्याला पाठीचा कणा मिळाला, यात शंका नाही. पण त्याबरोबर आणखी एक सवयही आली. लोकहितवादींवर आणि जोतीरावांवर चिपळूणकर तुटून पडले, तेव्हा त्यांनी मुद्द्याला उत्तर देण्यापेक्षा माणसाची टर उडवली, व्याकरणाच्या चुका दाखवल्या. शाळेतल्या मुलांनी पुढे नमुना म्हणून गिरवली ती शैली. भारदस्त सुरुवात, अलंकार, सुभाषित. माझ्या मते आपण तिथे वाट चुकलो.

दुसरी वाट चिपळूणकरांनीच काढलेल्या शाळेतून निघत होती. चिपळूणकर आणि टिळकांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडलं, लवकरच आगरकर तिथे आले. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला आणि त्याच वर्षी 'वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण' हे पुस्तकही प्रसिद्ध केलं. या दोन गोष्टी मला वेगळ्या वाटत नाहीत. मुख्य वाक्य कोणतं, गौण कोणतं, 'कारण' आणि 'म्हणून' कशाला कशाशी जोडतात, हे ज्याला उलगडता येतं त्याला तर्कातली फट दिसते. आगरकरांच्या लेखांत विरोधकाची अडचण नीट मांडलेली असते आणि तिला एकामागून एक उत्तर दिलेलं असतं. पृथक्करण आपल्या शाळांत पुढे कितीतरी वर्षं शिकवलं गेलं, पण व्याकरणाच्या तासाला. निबंधाच्या तासाशी त्याची गाठ कोणी घालून दिली नाही.

परीक्षांनी उरलेलं काम केलं. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६०च्या दशकापासून मुंबई इलाख्यातल्या शाळांचं अनुदान निकालाशी बांधलं गेलं. इन्स्पेक्टर येणार, मुलं तपासणार, त्यावर पैसे मिळणार. अशा तपासणीत शुद्धलेखन मोजता येतं, अक्षर मोजता येतं, पाठांतर मोजता येतं. एखाद्या मुलीने दिलेलं कारण पुरेसं आहे की नाही, हे मोजायला वेळ लागतो. शिवाय तपासणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

विचार टिकला तो शाळेच्या स्नेहसंमेलनात. वादविवाद स्पर्धेत अनुकूल-प्रतिकूल अशा चिठ्ठ्या निघत आणि नावडती बाजूही मांडावी लागे. ही फार चांगली शिस्त होती. वक्तृत्वाचं तसं झालं नाही. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' यापुढचं भाषण बऱ्याचदा मोठ्या ताईने नाहीतर बाबांनी लिहिलेलं असे. मुलाने ते घोकून हातवाऱ्यांसह म्हणायचं.

१९६६ मध्ये राज्याचं परीक्षा मंडळ आलं, १९६७ मध्ये बालभारती. पुस्तकं बदलली, 'प्रश्नपत्रिका' जाऊन 'कृतिपत्रिका' आली. उत्तर पाठ करण्याऐवजी मुलाने स्वतः काही करावं, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. बारावीच्या इंग्रजीत काही वर्षं 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' हा प्रश्न असे. एका बाजूचे मुद्दे छापून द्यायचे, मुलांनी उलट बाजू लिहायची. म्हणजे पूर्वपक्ष आयता मिळे. मराठीच्या पेपरात असं काही यावं, असं मला फार वाटतं. वैचारिक निबंधाला तिथे विषय मिळतो, मुद्दे मिळतात, विरोधक मात्र मिळत नाही. मग गाइडवाल्यांनी त्याचा साचा करावा, यात नवल काय! प्रस्तावना, फायदे, तोटे, समारोप.

साचा मोडायला फार मोठं काही लागत नाही, हे वर्गात दिसतं. नववीतल्या एका मुलाने लिहिलं होतं, 'मोबाइलमुळे अभ्यासाचे नुकसान होते.' समासात मी एवढंच लिहिलं: कोणाचं? तुला कसं कळलं? याला कोण 'नाही' म्हणेल? दोन दिवसांनी वही परत आली. शुद्धलेखनाच्या चुका तशाच होत्या. मजकूर मात्र वेगळा होता. घरात एकच मोबाइल, भावंडं तिघं. शाळा बंद होत्या तेव्हा तास एकाच वेळी असायचे, म्हणून मोबाइल मोठ्या भावाला मिळायचा, कारण त्याची दहावी. 'आमचे नुकसान मोबाइल असल्यामुळे नाही, एकच असल्यामुळे झाले,' असं त्याने लिहिलं होतं. खाली आणखी दोन ओळी होत्या: 'बाबा म्हणतील, आणखी एक घेतला असता तर तू गेमच खेळला असतास. ते अर्धे खरे आहे.' उरलेलं अर्धं का खरं नाही, ते लिहायला त्याने पुढचं पान कोरं सोडून ठेवलं होतं.