टेक्सासमध्ये शाळेतील गैरहजेरीचे प्रकरण कोणत्या न्यायालयात चालते?

डॅलस, ह्यूस्टन वा ऑस्टिन परिसरातील मराठी कुटुंबे डिसेंबरात भारतात जातात, सुट्टी संपल्यावरही आठ-पंधरा दिवस राहतात, आणि परतल्यावर त्यांच्या हाती शाळेचे किंवा न्यायालयाचे पत्र पडते. ते पत्र बालगुन्हेगारांच्या न्यायालयातून आले आहे असे समजून काही पालक हादरतात. काही जण त्याला शाळेचे नेहमीचे परिपत्रक समजून बाजूला ठेवतात. हे दुसरे वागणे अधिक महागात पडते.

शाळा चुकवणे हा २०१५ पर्यंत टेक्सासात मुलांसाठी किरकोळ का होईना, पण फौजदारी गुन्हा होता. १ सप्टेंबर २०१५ पासून ही प्रकरणे राज्याच्या कौटुंबिक संहितेच्या ६५व्या प्रकरणाखाली दिवाणी पद्धतीने चालतात. ती ऐकण्याचा अधिकार जस्टिस कोर्ट (किरकोळ प्रकरणांचे स्थानिक न्यायालय) आणि म्युनिसिपल कोर्ट (शहराचे न्यायालय) यांना आहे, आणि कायद्याने ठरवलेल्या मोठ्या लोकसंख्येच्या कौंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कॉन्स्टिट्यूशनल कौंटी कोर्टालाही, म्हणजे कौंटीच्या न्यायालयालाही, आहे. अशा वेळी त्यांना ट्रुअन्सी कोर्ट, म्हणजे शाळा चुकवण्याच्या प्रकरणांचे न्यायालय, म्हणतात. मूल राहते ती किंवा त्याची शाळा आहे ती, यांपैकी कोणत्याही कौंटीत प्रकरण दाखल होऊ शकते. त्यामुळे घर एका कौंटीत आणि शाळा दुसऱ्या कौंटीत असेल, तर अनोळखी गावचे समन्स आले म्हणून ते चुकीचे ठरत नाही. ज्युव्हेनाइल कोर्टाचा, म्हणजे बालगुन्हेगारांच्या न्यायालयाचा, संबंध पुढे, अपिलाच्या वेळी येतो.

सर्वांत मोठा घोटाळा वयाचा आहे. ट्रुअन्सी कोर्टात मुलावर प्रकरण चालण्यासाठी त्याचे वय १२ पूर्ण आणि १९ पेक्षा कमी असावे लागते. मूल दुसरीत आहे म्हणून आपल्याला काही होणार नाही, असा अर्थ पालक यातून काढतात आणि तेथेच फसतात, कारण शाळेची सक्ती सहाव्या वर्षापासूनच लागू होते आणि मुलाला शाळेत पाठवण्यात हयगय केल्याबद्दल पालकांवर शिक्षण संहितेखाली वेगळा खटला भरता येतो. तो फौजदारी असतो. न्यायालये मात्र तीच असल्यामुळे दोन्ही कागद वरवर सारखे दिसतात, म्हणून प्रथम समन्सवर नाव मुलाचे आहे की आपले, हे पाहावे. पालकांचा दंड पहिल्या वेळी १०० डॉलरपर्यंत असतो आणि पुढे वाढत ५०० पर्यंत जातो.

दुसरा घोटाळा दिवस मोजण्याचा आहे. एकाच शैक्षणिक वर्षात, सहा महिन्यांच्या आत, १० दिवस विनापरवानगी गैरहजेरी झाली की प्रकरण उभे राहते, आणि कायद्यात दिवसाचा काही भागही धरला जातो. चार आठवड्यांत तीन गैरहजेऱ्या झाल्या की शाळेने पालकांना सूचना पाठवायची असते. परंतु ती मिळालीच नाही, हा बचाव कायद्याने स्पष्टपणे नाकारला आहे. ई-मेल स्पॅममध्ये गेला, हे सांगण्यात सुनावणीची वेळ घालवू नये. वर्षभराची ९० टक्के हजेरीची अट ही विषयाचे श्रेय (क्रेडिट) मिळण्यासाठीची वेगळी अट आहे. ती पूर्ण झाली म्हणून हे प्रकरण टळत नाही.

कागदपत्रांत खरी अडचण आहे ती गैरहजेरी मंजूर झाल्याच्या पुराव्याची. धार्मिक सणाचा दिवस आणि त्यासाठी जाण्या-येण्याचा प्रत्येकी एक दिवस माफ होतो, म्हणजे दिवाळीची रजा मागता येते. पण चुलत भावाचे लग्न त्यात बसत नाही. तेथे मुख्याध्यापकांची मर्जी लागते आणि ती तिकीट काढण्यापूर्वी लेखी घेतलेली बरी. भारतात मूल आजारी पडले, तर डॉक्टरांकडून तारखा, मुलाचे पूर्ण नाव आणि सही-शिक्का असलेला इंग्रजी दाखला निघण्यापूर्वीच घ्यावा. औषधांच्या चिठ्ठीवर हजेरी कार्यालय समाधानी होईलच असे नाही. दाखला देण्याची मुदत प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्ट (परिसरातील सरकारी शाळा चालवणारा विभाग) आपापली ठरवतो, तेव्हा ती शाळेच्या नियमावलीत पाहावी. गैरहजेरी माफ होती किंवा नाइलाजाने झाली, हे सुनावणीत मुलाच्या बाजूनेच सिद्ध करावे लागते.

एक कागद मात्र शाळेने द्यायचा असतो आणि तो मागण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्यापूर्वी गैरहजेरी रोखण्याचे उपाय योजले आणि ते फसले, असे शाळेला लिहून द्यावे लागते. ते नसेल तर न्यायालयाने मुलाविरुद्धचा अर्ज फेटाळायचा असतो. शाळा हजेरीचा हिशेब काटेकोरपणे ठेवतात. या कागदाबाबत तोच काटेकोरपणा नेहमी दिसत नाही, म्हणून त्याची प्रत जरूर मागावी.

सुनावणीला पालकांनी मुलासह हजर राहावे. समन्स मिळूनही न गेल्यास पालकांना १०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. मुलाला सहा जणांच्या ज्युरीचा हक्क आहे आणि त्यासाठी शुल्क नाही. निकाल विरोधात गेल्यास नियमित हजेरी, शिकवणी किंवा समाजसेवा असे आदेश निघतात, वाहन परवानाही थांबवला जाऊ शकतो. आदेश पाळले असतील, तर १८ वर्षे पूर्ण झाल्यावर ही नोंद बंद करण्यासाठी त्याच न्यायालयाकडे अर्ज करता येतो.